घरगुती सागरी मत्स्यालयासाठी कृत्रिम क्षारमिश्रणाची निवड : एक विवेचन

सारांश :

घरगुती सागरी मत्स्यालयात वापरले जाणारे पाणी हे बहुधा शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात कृत्रिम सागरी क्षारमिश्रण विरघळवून तयार केलेले असते. बाजारात अशी अनेक मिश्रणे उपलब्ध असून त्यांच्या वेष्टनांवरील आकड्यांमुळे नवशिक्या पालकाचा गोंधळ उडतो. प्रस्तुत लेखात समुद्राच्या पाण्याची रासायनिक घडण, साधे मीठ अपुरे का ठरते, मिश्रणांमधील भेद, पाणीबदलाचे गणित आणि निवडीचे निकष यांचा विचार केला आहे. ज्या मिश्रणाचे आकडे टाकीत राखावयाच्या पातळीच्या जवळ आहेत व प्रत्येक खेपेस तसेच राहतात, ते मिश्रण योग्य, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सागरी मत्स्यालय, लवणता, अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पाणीबदल.

१. प्रस्तावना

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने प्रेक्षकांच्या अनेक पिढ्यांना सागरी मासे काचेआड दाखविले. पुढे गोड्या पाण्यातील माशांप्रमाणेच सागरी मासेही घरी पाळण्याची हौस शहरांतून रुजली. तथापि या दोन छंदांत एक मूलभूत फरक आहे. गोड्या पाण्याच्या टाकीत पाणी नळातून येते व थोड्या प्रक्रियेनंतर वापरता येते; सागरी टाकीत मात्र पाणी 'घडवावे' लागते. त्या घडणीत चूक झाली तर तिची किंमत माशाला चुकवावी लागते. बाजारात येणारे बहुसंख्य सागरी शोभेचे मासे आजही प्रवाळक्षेत्रातून पकडून आणलेले असतात. क्लाऊनफिशसारख्या काही जातींचे कृत्रिम प्रजनन शक्य झाले असून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याचे तंत्र विकसित केले आहे. परंतु अशा जाती थोड्या आहेत. म्हणूनच क्षारमिश्रणाची निवड हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. निसर्गातून काढून आणलेला जीव जगविण्याची जबाबदारी तिच्याशी जोडलेली आहे.

२. समुद्राच्या पाण्याची घडण

समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी, ही समजूत अर्धवट आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार यांनी केलेले विश्लेषण १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. खुल्या समुद्रात लवणता कमीअधिक झाली तरी प्रमुख आयनांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ स्थिर राहते, या आधीच मांडल्या गेलेल्या तत्त्वाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. कृत्रिम क्षारमिश्रणाची सारी कल्पना याच तत्त्वावर उभी आहे. प्रमाण एकदा नेमके साधले की पाणी घालून इच्छित लवणता मिळविता येते.

लवणता ३५ असलेल्या एक किलोग्रॅम समुद्रजलात प्रमुख आयनांचे प्रमाण पुढीलप्रमाणे असते.

क्लोराइड : १९.३५ ग्रॅम
सोडियम : १०.७८ ग्रॅम
सल्फेट : २.७१ ग्रॅम
मॅग्नेशियम : १.२८ ग्रॅम
कॅल्शियम : ०.४१ ग्रॅम
पोटॅशियम : ०.४० ग्रॅम

एकूण क्षारांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक भाग या सहा आयनांचा असतो. बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्राँशियम व फ्लोराइड यांचे प्रमाण अत्यल्प असते. परंतु अल्प म्हणजे गौण नव्हे. बायकार्बोनेट व कार्बोनेट यांच्यामुळे पाण्याला अल्कता, म्हणजे सामू फारसा न ढळू देता आम्ल सामावून घेण्याची क्षमता, प्राप्त होते. नैसर्गिक समुद्रजलाची अल्कता प्रतिलीटर सुमारे २.३ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजेच मत्स्यालयाच्या व्यवहारात रूढ असलेल्या जर्मन अंशांत सुमारे ६.५ असते.

३. साधे मीठ का चालत नाही ?

समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोराइड यांचा वाटा ८५ टक्क्यांहून अधिक आहे. तेव्हा मिठागरातील स्वस्त मीठ वापरण्यास हरकत कोणती, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर मीठ पिकविण्याच्या प्रक्रियेतच आहे. समुद्राचे पाणी आटू लागले की प्रथम कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते. पाणी मूळच्या सुमारे एकपंचमांश उरले की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, साचू लागते. सुमारे एकदशांश उरल्यावर सोडियम क्लोराइडचे स्फटिक तयार होतात. हे स्फटिक गोळा करून उरलेले कडवट पाणी सोडून दिले जाते आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम त्या पाण्यातच राहतात. याचा अर्थ असा, की समुद्रापासून मिळविलेले असूनही मीठ हे समुद्राचे प्रतिरूप नसते. उत्तम मीठ पिकविणे म्हणजे सोडियम क्लोराइडला इतर क्षारांपासून वेगळे काढणे होय. ते पुन्हा पाण्यात विरघळविल्याने वेगळे झालेले घटक परत येत नाहीत. खाण्याच्या मिठात शिवाय आयोडीन व गुठळ्या न होऊ देणारे पदार्थ मिसळलेले असतात.

या उणिवेचा जीवांवर होणारा परिणाम विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसून आला होता. जाक लोब यांनी फंड्युलस या माशाच्या फलित अंड्यांवर प्रयोग केले. समुद्राइतक्या तीव्रतेच्या शुद्ध सोडियम क्लोराइडच्या द्रावणात भ्रूण मरतात. त्याच द्रावणात कॅल्शियमसारख्या द्विसंयुजी आयनांची थोडी भर घातली की ते तग धरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे लवणता बरोबर असणे पुरेसे नाही, आयनांचा परस्पर तोलही आवश्यक आहे. सागरी मासा तर्षणामुळे शरीरातील पाणी सतत गमावत असतो व ते भरून काढण्यासाठी समुद्राचे पाणी पितो. त्यामुळे टाकीतील पाण्याची घडण त्याच्या कल्ल्यांना जशी बाहेरून भिडते तशी आतड्यातही पोहोचते. प्रवाळ, तारामासा, कोळंबी अशा अपृष्ठवंशीयांच्या शरीरद्रवाची आयनरचना तर समुद्रजलाच्या पुष्कळ जवळची असते; म्हणून ते बदलास अधिक संवेदनशील ठरतात.

४. नैसर्गिक समुद्रजलाचा पर्याय

किनाऱ्यावरील शहरात राहणाऱ्यास थेट समुद्राचे पाणी आणणे सोपे वाटते. परंतु मुंबईसारख्या शहराच्या किनाऱ्यालगतचे पाणी गाळाने व सांडपाण्याने दूषित असते. पावसाळ्यात नद्या, खाड्या व नाले यांतून येणाऱ्या गोड्या पाण्यामुळे त्याची लवणताही घटते. स्थिर प्रमाणाचे तत्त्व खुल्या समुद्राला लागू पडते, खाडीच्या मुखाला नाही. निवळण्याच्या टाक्या, गाळण्या व निर्जंतुकीकरण यांची सोय असलेली संस्था असे पाणी वापरू शकते. घरगुती पातळीवर मात्र दर आठवड्यास पुरेल असे एकसारखे पाणी मिळविणे अवघड असते.

५. कृत्रिम मिश्रणांचा विकास

समुद्राचे पाणी घरी तयार करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड या चार क्षारांची कृती दिली. चुन्याचे क्षार त्यांनी स्वतंत्रपणे घातले नाहीत. पुढे प्रयोगशाळांच्या गरजेतून अधिक नेमक्या कृती पुढे आल्या. लायमन व फ्लेमिंग यांची १९४० ची आणि केस्टर व सहकाऱ्यांची १९६७ ची कृती त्यांत विशेष परिचित आहेत. व्यापारी मिश्रणे याच परंपरेत येतात. मात्र त्यांत शुद्धता, किंमत व साठवणुकीतील टिकाऊपणा यांची तडजोड करावी लागते. काही उत्पादक शुद्ध रसायने एकत्र करतात, तर काही बाष्पीभवनाने मिळालेले सागरी मीठ आधार म्हणून घेऊन त्यात उणे घटक मिसळतात.

ॲटकिन्सन व बिंगमन यांनी १९९० च्या दशकात आठ व्यापारी मिश्रणांचे मूलद्रव्यीय विश्लेषण केले. त्यांत प्रमुख आयन समुद्रजलाच्या बरेच जवळ आढळले; अनेक सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण मात्र नैसर्गिक समुद्रजलापेक्षा पुष्कळ अधिक होते. कच्च्या रसायनांतील अशुद्धी हे त्यामागील एक उघड कारण होय. त्यामुळे 'सर्व सूक्ष्म घटकांनी समृद्ध' ही वेष्टनावरील प्रशस्ती गुण मानण्यापूर्वी विचार करणे इष्ट. घरगुती टाकीत सूक्ष्म घटकांच्या अभावाइतकाच त्यांचा अतिरेकही संभवतो.

६. मिश्रणांतील प्रमुख भेद

बाजारातील मिश्रणांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील मिश्रणे नैसर्गिक समुद्रजलाच्या जवळची असतात. दुसऱ्या वर्गातील मिश्रणांत प्रवाळांसाठी म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम व विशेषतः अल्कता वाढविलेली असते. एकाच उत्पादकाची दोन्ही प्रकारची मिश्रणे असतात. उदाहरणार्थ, 'रेड सी' या उत्पादकाच्या साध्या मिश्रणाची अल्कता सुमारे ८ जर्मन अंश, तर 'कोरल प्रो' या मिश्रणाची सुमारे १२ अंश ठेवलेली असते. 'इन्स्टंट ओशन' व 'रीफ क्रिस्टल्स' ही जोडीही याच धर्तीची आहे. येथे एक दर्जेदार व दुसरे दुय्यम असा भेद नसून दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे.

केवळ मासे असलेल्या टाकीत कॅल्शियमचा वापर फारसा होत नाही. तेथे समुद्रजलाजवळचे कोणतेही विश्वसनीय मिश्रण पुरते. मृदू प्रवाळांच्या टाकीलाही तेच चालते. कठीण प्रवाळ मात्र आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बनवितात व त्यासाठी कॅल्शियम आणि अल्कता ठरावीक प्रमाणात खर्च करतात. अल्कता २.८ अंशांनी उतरते तेव्हा कॅल्शियम प्रतिलीटर केवळ २० मिलिग्रॅमने घटते. म्हणजे कॅल्शियम ४२० वरून ४०० वर येईपर्यंत अल्कता ८ वरून जवळजवळ ५ वर आलेली असते. वेष्टनावरील कॅल्शियमच्या मोठ्या आकड्याने पालक सुखावतो. टाकीत मात्र आधी अल्कता संपते.

७. पाणीबदलाचे गणित

मिश्रणाची निवड प्रत्यक्षात काय घडविते हे पाणीबदलाच्या हिशेबावरून स्पष्ट होते. टाकीतील अल्कता ७ अंश व नव्या पाण्याची १२ अंश आहे, असे मानू. १० टक्के पाणी बदलल्यास अल्कता केवळ अर्ध्या अंशाने वाढून ७.५ होते. वाढत्या कठीण प्रवाळांची गरज एवढ्याने भागत नाही. त्यांना कॅल्शियम व अल्कता यांचा वेगळा, नियमित पुरवठा करावा लागतो. म्हणून अधिक अल्कतेचे मिश्रण हा त्या पुरवठ्याचा पर्याय नव्हे. उलट काही कारणाने एकदम निम्मे पाणी बदलावे लागले, तर हीच अल्कता ७ वरून ९.५ वर उडी घेते. आजारी टाकीला दिलासा देण्यासाठी केलेला उपाय अशा वेळी प्रवाळांना आणखी एक धक्का देतो.

दुसरीकडे, मिश्रणातील उणीव हळूहळू पण निश्चितपणे टाकीत उतरते. टाकीत मॅग्नेशियम प्रतिलीटर १३०० मिलिग्रॅम असून नव्या मिश्रणात ते ११०० आहे, असे समजू. इतर कोणताही बदल न होता दर आठवड्यास १० टक्के पाणी बदलल्यास दहा आठवड्यांनी मूळच्या पाण्यापैकी सुमारे ३५ टक्केच शिल्लक राहते व मॅग्नेशियम ११७० पर्यंत येते. बावीस आठवड्यांनी ते ११२० च्या आसपास पोहोचते. यावरून एक साधा नियम हाती येतो : प्रत्येक पाणीबदल टाकीला मिश्रणाच्या दिशेने ओढतो. टाकी कालांतराने कशी होणार आहे, याचे उत्तर आज घेतलेल्या पिशवीत असते. म्हणूनच सर्वांत मोठे आकडे असलेले मिश्रण शोधण्याऐवजी, टाकी ज्या पातळीवर ठेवावयाची आहे त्या पातळीचे मिश्रण शोधणे हिताचे.

खर्चाचा अंदाजही याच हिशेबातून निघतो. लवणता ३५ साठी प्रतिलीटर सुमारे ३६ ग्रॅम मिश्रण लागते. मिश्रणातील ओलाव्यानुसार हा आकडा वाढतो. २०० लीटर पाण्याच्या टाकीस आरंभी ७.२ किलोग्रॅम आणि त्यानंतर दर आठवड्यास १० टक्के बदलासाठी ७२० ग्रॅम, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ३७ किलोग्रॅम मिश्रण लागेल. हा खर्च वर्षभर पेलणार नसेल तर टाकी लहान घ्यावी किंवा छंद पुढे ढकलावा. मध्येच पाणीबदल थांबविणे अथवा मिश्रणात मीठ मिसळून ते 'पुरवठ्यास आणणे' यांपैकी काहीही जीवांच्या हिताचे नाही.

८. पाणी, मोजमाप व साठवण

उत्तम मिश्रणही अशुद्ध पाण्यात घातले तर निष्फळ ठरते. विंधनविहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट व सिलिकेट असू शकतात; नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि नळ-जोडण्यांतून तांबे उतरू शकते. तांबे अपृष्ठवंशीयांना अत्यल्प प्रमाणातही घातक आहे. म्हणून आर.ओ. व त्यापुढे आयन-विनिमय राळेतून काढलेले पाणी वापरावे. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. घरातील पिण्याच्या आर.ओ. यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी थोडे अप्रक्रियित पाणी पुन्हा मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. अशा यंत्राचे पाणी पिण्यास योग्य असले तरी टाकीसाठी शुद्ध नसते. टी.डी.एस. मापकाचा आकडा शून्याजवळ आल्याखेरीज ते वापरू नये.

लवणता मोजण्यासाठी वापरला जाणारा अपवर्तनांकमापक शुद्ध पाण्याऐवजी लवणता ३५ च्या प्रमाण द्रावणाने जुळवावा. अनेक स्वस्त उपकरणे मूलतः मिठाच्या द्रावणासाठी बनविलेली असतात व समुद्रजलासाठी चुकीचा आकडा दाखवितात. एक किलोग्रॅम द्रावणात ३६.५ ग्रॅम सोडियम क्लोराइड असेल, तर त्याचा अपवर्तनांक लवणता ३५ च्या समुद्रजलाइतका असतो. हे द्रावण अचूक तराजूच्या साहाय्याने सहज करता येते. लवणताच चुकली तर कॅल्शियम, मॅग्नेशियम व अल्कता यांचे आकडेही त्याच प्रमाणात चुकतात आणि दोष निष्कारण मिश्रणावर येतो.

मिश्रण नेहमी पाण्यात घालावे, मिश्रणावर पाणी ओतू नये. तसे केल्यास क्षणभर अतितीव्र झालेल्या द्रावणात कॅल्शियम व कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो व तो पुन्हा सहज विरघळत नाही. पंपाने पाणी ढवळत ठेवून मिश्रण थोडे थोडे टाकावे आणि पाणी स्वच्छ होऊन सामू स्थिरावल्यावरच ते वापरावे. भरलेल्या टाकीत, मासे असताना, कोरडे मिश्रण कधीही टाकू नये.

साठवणुकीचा प्रश्न कोकणातील व मुंबईतील दमट हवेत विशेष महत्त्वाचा आहे. मॅग्नेशियम क्लोराइड व कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा ओढून घेतात. उघड्या पिशवीत त्यांच्या गुठळ्या होतात आणि ओल्या गुठळीतच कॅल्शियमची बायकार्बोनेटशी अभिक्रिया होऊन अल्कता कमी होते. वजन करून घेतलेल्या मिश्रणात पाण्याचाही वाटा वाढल्याने लवणता कमी भरते. झाकण घट्ट बसणारी बादली, तीही पावसाळ्यापूर्वी, हा यावरील साधा उपाय होय. वाहतुकीत लहानमोठे कण वेगळे होऊन बसत असल्याने वापरापूर्वी बादली आडवी फिरवून मिश्रण एकजीव करणेही आवश्यक आहे.

९. निवडीचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे पुढील निकष मांडता येतात.

(१) प्रथम टाकीतील जीव निश्चित करावेत व त्यानंतर मिश्रण ठरवावे. केवळ मासे व मृदू प्रवाळ असल्यास समुद्रजलाजवळचे मिश्रण घ्यावे. कठीण प्रवाळ असल्यास टाकीत राखावयाच्या अल्कतेशी जुळणारे मिश्रण घ्यावे.

(२) उत्पादकाने लवणता ३५ साठी कॅल्शियम, मॅग्नेशियम व अल्कता यांचे आकडे स्पष्ट दिलेले असावेत. आकडे कोणत्या लवणतेचे आहेत हे न सांगणारी जाहिरात तुलनेस निरुपयोगी असते.

(३) नवी पिशवी आणल्यावर दहा लीटर शुद्ध पाण्यात ३६० ग्रॅम मिश्रण विरघळवून चोवीस तासांनी चाचणी घ्यावी. लवणता ३५ वर आणून कॅल्शियम सुमारे ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रतिलीटर व अल्कता जाहीर आकड्याजवळ आहे काय ते पाहावे. अमोनिया व फॉस्फेट यांचीही तपासणी करावी.

(४) एका खेपेचे आकडे चांगले असणे पुरेसे नाही. दोन-तीन खेपांची नोंद ठेवून सातत्य पाहावे.

(५) वर्षभर अखंड मिळेल असेच मिश्रण निवडावे. आयात माल न आल्याने दर दोन महिन्यांनी मिश्रण बदलावे लागणे हे मध्यम प्रतीच्या पण नियमित मिळणाऱ्या मिश्रणापेक्षा अधिक हानिकारक आहे. मिश्रण बदलणे भागच पडले, तर तो बदल लहान पाणीबदलांतून क्रमाने करावा.

या तपासण्यांसाठी महागडी साधने लागतातच असे नाही. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन, कॅल्शियम व मॅग्नेशियमसाठी ई.डी.टी.ए. अनुमापन आणि अल्कतेसाठी प्रमाण आम्लाचे अनुमापन ही प्रात्यक्षिके पदवी वर्गाच्या रसायनशास्त्रात परिचित आहेत. नमुना योग्य प्रमाणात विरल केला की तीच पद्धत येथेही लागू पडते. महाविद्यालयातील रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र हे विभाग एकत्र आल्यास स्थानिक बाजारातील मिश्रणांची तपासणी हा विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त प्रकल्प होऊ शकतो.

१०. समारोप

कृत्रिम क्षारमिश्रण समुद्राची हुबेहूब प्रतिकृती देत नाही. ते जीवांना जगता येईल इतके जवळचे पाणी देते. ते जवळ आहे की नाही, हे वेष्टनावरून नव्हे तर मोजमापावरून ठरते. स्वस्त मीठ वापरणारा आणि सर्वांत महाग मिश्रण न मोजता वापरणारा, या दोघांची चूक एकाच जातीची आहे : दोघेही पाण्याविषयी केवळ अनुमान करतात. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळ, समुद्रघोडे व समुद्रकाकडी यांना संरक्षण देण्यात आले आहे. जे जीव कायद्याने पाळता येतात, त्यांनाही तितक्याच काळजीचा हक्क आहे. शुद्ध पाणी, जुळविलेले मापक, कोरडी ठेवलेली बादली आणि वर्षभर न बदलणारे, तपासून घेतलेले मिश्रण एवढ्या गोष्टी सांभाळल्या, तर घरातील काचेच्या टाकीत समुद्राचा एक लहानसा अंश दीर्घकाळ जिवंत राहू शकतो.